कोंढाणा उंदीर ओळखायला त्याला मारायची गरज उरली आहे का?

रानजाई

सिंहगडावर दर रविवारी पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी गर्दी लोटते. त्याच पठारावर, गवत-झुडपांच्या मुळाशी, गडाचं जुनं नाव लावणारा एक उंदीर राहतो: मिलार्डिया कोंढाणा. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (आजची एनआयव्ही) मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे कितीतरी वर्षं तो फक्त सिंहगडावरूनच माहीत होता. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यात असलेल्या जातींमध्ये आहे.

मी सह्याद्रीतल्या छोट्या सस्तन प्राण्यांवर काम करते. उंदीर, चिचुंद्र्या, पाकोळ्या (छोटी वटवाघळं), कधी खारी. लोक विचारतात, 'हा कोंढाणाच आहे, साधा शेतातला उंदीर नाही, हे कळतं कसं?' आजवरचं उत्तर असं होतं: प्राणी पकडायचा, मारायचा, कातडं भरायचं, कवटी साफ करायची आणि दातांची रांग मोजायची. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) १९११ मध्ये भारतीय सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली ती याच रीतीनं, आणि तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशचा होता. १९२३ पर्यंत चाललेल्या त्या पाहणीत सुमारे २५,००० नमुने गोळा झाले. ती उभी करण्यात पुढाकार होता डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचा. मिलार्डिया हे प्रजातीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्या पेट्यांमधल्या कातड्यांचं ऋण आमच्या सगळ्या कामावर आहे, त्यांना नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही.

पण मोजक्याच डोंगरमाथ्यांवर राहणाऱ्या जातीतून दर पाहणीला दहा-दहा जीव काढून घ्यायचे, हे आता मला पटत नाही. तशी गरजही राहिलेली नाही. कानाच्या पाळीचा दोन मिलिमीटरचा तुकडा पुरतो.

करतात कसं ते सांगते. संध्याकाळी शर्मन पिंजरे लावायचे. हे ॲल्युमिनियमचे घडीचे डबे असतात, आतल्या पट्टीवर पाय पडला की दार मिटतं, प्राण्याला इजा होत नाही. आमिष म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि ओट्स. गूळ घालू नये. गुळावर मुंग्या येतात, आणि बंद डब्यात अडकलेल्या उंदराला मुंग्या जिवंत पोखरतात. उजाडायच्या आत पिंजरा उघडून प्राणी कापडी पिशवीत घ्यायचा, पिशवीसकट काट्याला लावून वजन करायचं. मग पिशवीतूनच मानेमागची कातडी चिमटीत धरून फक्त कान बाहेर काढायचा. एसटी कंडक्टरच्या पंचासारखंच एक छोटं हत्यार असतं, त्यानं पाळीच्या कडेला एकदा दाबायचं. तुकडा पंचातच अडकतो, तो चिमट्यानं काढून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. रक्त आलंच तर थेंबभर, कापूस दाबला की थांबतं. जिथे पकडला तिथेच, त्याच झुडपाशी सोडायचा. गाभण किंवा दूध पाजणारी मादी असेल तर बाकी सगळं सोडून तिला आधी मोकळं करायचं.

या छिद्राचा आणखी एक उपयोग आहे. पुढच्या रात्री तोच उंदीर पुन्हा आला तर ओळखता येतो, आणि किती नवे आणि किती जुने यावरून पठारावर साधारण किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

माझं म्हणणं मात्र यापुढचं आहे. 'न मारता नमुना' म्हटलं की सगळी चर्चा त्या दोन मिलिमीटरभोवती फिरते. प्राणी मरतात ते कान टोचल्यानं नव्हे. मरतात ते पिंजऱ्यात काढलेल्या रात्रीनं: थंडीनं, उपाशीपणानं, किंवा ऊन चढल्यावर तापलेल्या पत्र्यानं. एखाद्या प्रकल्पानं 'आम्ही एकही प्राणी मारला नाही' असं लिहावं आणि पिंजऱ्यात मेलेले मोजूच नयेत, हे मला मान्य नाही. तुमचा अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

घाटवाट

छान विषय, रानजाई. बरीच वर्षं सिंहगड चढतोय, गडाच्या नावाचा उंदीर आहे हे आज कळलं. शंका अशी, की उंदराचं निम्मं जगणं कानावर चालतं. घुबड, साप, मांजर, सगळ्यांची चाहूल कानानंच लागते. तिथेच भोक पाडलं तर त्याला ऐकायला कमी येत नाही का? आणि जखम चिघळली तर? शेपटीचं टोक घेतलं तर चालणार नाही का?

सुश्रुत_पुणे

मी पशुवैद्य आहे, म्हणून उत्तर देतो. पाळीची कड म्हणजे पातळ कातडी आणि कूर्चा. तिथे मोठी रक्तवाहिनी नसते. आवाज गोळा करणारा खोलगट भाग आणि आतला कान यांना धक्का लागत नाही. हत्यार निर्जंतुक आणि धारदार असेल तर जखम लवकर सुकते. बोथट पंचानं मात्र कड चेचली जाते, आणि चिघळते ती चेचलेली जखम. म्हणून प्रत्येक प्राण्यामागे पंच स्वच्छ करायचा आणि धार गेली की फेकून द्यायचा. इथे काटकसर नको.

शेपटीला माझा विरोध आहे. प्रौढ उंदराच्या शेपटीच्या टोकापर्यंत मणके असतात, म्हणजे टोक कापणं हा हाड कापण्याचा प्रकार होतो. वेदना जास्त, रक्तही जास्त. शिवाय काही जातींची शेपटी धरायचीसुद्धा नसते. माळावरचा जर्बिल नावाचा उंदीर शेपटीला धरून उचलला तर शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते. दक्षिणेकडच्या सह्याद्रीतल्या काटेरी डॉरमाऊस या झाडावरच्या उंदराच्या बाबतीतही तीच खबरदारी.

गालाच्या आतून कापसाच्या काडीनं पेशी घेतात, ती रीत वरून फार सौम्य दिसते. पण तोंड उघडवायला प्राण्याला जास्त वेळ धरून ठेवावं लागतं. इवलासा जीव असेल तर तेवढ्या वेळात त्याचा श्वास वर लागतो. मला विचाराल तर कानाचा एक झटपट पंच हा लांबलेल्या काडीपेक्षा बरा. हातात किती वेळ राहिला, हाच निकष ठेवावा. सरावलेल्या माणसाला सगळं मिळून दोन-तीन मिनिटं पुरतात. सराव नसलेल्यानं रानातल्या जिवावर शिकू नये, आधी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हात बसवावा.

माळरान

सोलापूरकडचा शेतकरी आहे. रागानं लिहीत नाही, पण मनातलं लिहितो. ज्वारी हुरड्यात आली की उंदीर कणसं तोडून बिळात नेतात. आम्ही झिंक फॉस्फाईड घालतो, सरकारच घाला म्हणतं. इकडे उंदरासाठी विषाच्या गोळ्या आणि तिकडे एका उंदराच्या कानाला लागू नये म्हणून एवढी काळजी. शेतकऱ्याला यातून काय मिळणार?

रानजाई

माळरान दादा, प्रश्न रास्त आहे. तुमच्या ज्वारीत शिरणाऱ्यांपैकी एक मिलार्डिया मेल्टाडा, म्हणजे मऊ केसांचा शेतउंदीर असतो. तो कोंढाण्याचा सख्खा भाऊबंद. अंगावर तसाच मऊ राखी-तपकिरी केस. लहान वयाचा कोंढाणा आणि मोठा मेल्टाडा समोरासमोर ठेवले तर अनुभवी माणूससुद्धा थांबून तळपाय बघतो. भाऊबंदांपैकी एक देशभर शेतांत पसरलेला, दुसरा डोंगरमाथ्यावर अडकलेला. पायथ्याच्या शेतातलं विषारी आमिष पठाराच्या कडेपर्यंत गेलं तर ते दोघांत भेद करणार नाही. कुठल्या बांधापर्यंत मेल्टाडा आहे आणि कुठून कोंढाणा सुरू होतो, ही रेघ कानाच्या तुकड्यांवरून काढता येते.

तुमच्या शेताचाही यात फायदा आहे. 'उंदीर' म्हणून आपण एकाच रागानं बघतो त्यात घूस, मेल्टाडा, जर्बिल, छोटा शेतउंदीर अशा कितीतरी जाती असतात. प्रत्येकीचं बीळ वेगळं, पिल्लं घालायचा हंगाम वेगळा. नुकसान कोण करतंय ते नक्की कळलं तर विष कधी आणि कुठे घालायचं हे ठरवता येतं, आणि विष खाल्लेला उंदीर गिळून गव्हाणी घुबड मरायचं तेही टळतं. ते घुबड तुमच्या बाजूनं रात्रभर राबत असतं.

आणखी एक. बिळाची ओळख आमच्यापेक्षा कातकरी मंडळींना चांगली. रायगड-पुण्याच्या डोंगरात काम करताना त्यांनी बिळाच्या तोंडावरची ताजी माती बघून आत कोण आहे ते सांगितलेलं मी ऐकलं आहे. पिंजरा कुठे ठेवायचा हे त्यांच्याकडून शिकावं आणि त्या कामाचे पैसे त्यांना मानानं द्यावेत. नुसतं 'स्थानिकांची मदत झाली' असं शेवटी लिहून भागत नाही.

टोरांटोकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅनडात जनुकीय प्रयोगशाळेत काम करतो. नमुना प्रयोगशाळेत आल्यावर काय होतं ते लिहितो, कारण रानात घेतलेली मेहनत बरेचदा कुपीतच वाया जाते.

कुपीत ९५ टक्क्यांच्या वरचं शुद्ध इथेनॉल हवं. औषधाच्या दुकानातलं मिसळीचं स्पिरिट नको. फॉर्मालिन तर अजिबात नको, त्यानं डीएनए साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि तुटतात. तुकड्याच्या मानानं अल्कोहोल भरपूर असावं. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत टाकावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि नुसती वरून लिहिलेली कुपी एकदा गळली की नाव-गाव पुसलं. कोऱ्या चिठ्ठीचा उत्तम नमुना कचऱ्यात टाकावा लागतो तेव्हा फार जिवाला लागतं, कारण त्यामागे एका प्राण्यानं रात्र काढलेली असते. इथेनॉल न्यायची अडचण असेल तर सिलिका जेलमध्ये तुकडा वाळवूनही चालतो.

पुढे डीएनए वेगळा करून पीसीआर या पद्धतीनं हवा तो भाग वाढवतात, म्हणजे त्याच्या असंख्य नकला काढतात. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये ही पद्धत काढली, १९९३ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. दोन मिलिमीटरमध्ये काम भागतं ते या पद्धतीमुळे. सस्तन प्राण्यांसाठी बहुधा सायटोक्रोम बी हा जीन वाचतात, त्याची लांबी डीएनएची ११४० अक्षरं. जात ओळखायच्या 'डीएनए बारकोड'साठी सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा वापरतात.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. हे दोन्ही जीन मायटोकॉन्ड्रियातले (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग), म्हणजे फक्त आईकडून येणारे. दोन जातींचा संकर झाला असेल तर तो यात दिसत नाही, आईचीच जात दिसते. त्यासाठी पेशीकेंद्रातला डीएनएही बघावा लागतो. दुसरं, मायटोकॉन्ड्रियातल्या जीनच्या जुन्या, मोडक्या नकला पेशीकेंद्रात शिरून बसलेल्या असतात. घाईत वाचन केलं तर नक्कलच खरी समजून 'नवी जात सापडली' अशी हाळी दिली जाते. उंदरांमध्ये हे होतं.

अनामिका

पकडायचंच कशाला? लेंड्यांवरून वाघ ओळखतात, मग उंदराच्या लेंड्या का नाहीत? आणि कुठेतरी वाचलं होतं की जळवांच्या पोटातल्या रक्तावरून जंगलातले प्राणी ओळखले. आंबोलीत पावसाळ्यात जळवांना तोटा नाही!

रानजाई

अनामिका, बरोबर वाचलंय. व्हिएतनामच्या अन्नामाईट डोंगरांतलं ते काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. जंगलातल्या २५ जळवा तपासल्या, त्यांतल्या २१ मध्ये सस्तन प्राण्याचा डीएनए मिळाला. कॅमेऱ्यालाही क्वचित दिसणारा तिथला पट्टेरी ससा त्यात सापडला. प्रयोगात जळवेच्या पोटात रक्त गेल्यावर चार महिन्यांनीही डीएनए वाचता आला होता. आपल्याकडे पावसाळ्यात घाट चढणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला हा खजिना लागतो. अडचण अशी, की जळवेनं कुणाला चावावं हे आपल्या हातात नाही. गवा, सांबर, भेकर जास्त मिळतात, उंदीर-चिचुंद्री कमी. प्राणी नक्की कुठे होता हेही धूसर राहतं.

लेंड्या चालतात. ताज्या असल्या तर जात कळते. पण आतड्यातून सुटलेल्या पेशी थोड्या, त्यात खाल्लेल्या अन्नाचा डीएनए मिसळलेला, आणि सह्याद्रीच्या पावसात लेंडी एका सरीत विरघळते. 'हा प्राणी इथे आहे का' एवढंच विचारायचं असेल तर लेंडी पुरते. 'या पठारावरचे उंदीर एकमेकांचे किती जवळचे नातेवाईक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच विणतायत का' हे विचारायचं असेल तर ऊतीचा तुकडा लागतो. कोंढाण्याच्या बाबतीत मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. एकट्या माथ्यावरची संख्या आज बरी दिसली आणि आतून वैविध्य संपत आलेलं असलं, तर एखादी साथ किंवा एखादा वणवा तिला पुरेसा ठरेल.

आता चिचुंद्रीबद्दल, हे मला कळकळीनं लिहायचंय. आपल्याकडे मिळणारी एट्रस्कन चिचुंद्री जेमतेम दोन ग्रॅमची असते. वजनाच्या हिशोबानं जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी. तिचं शरीर इतक्या वेगानं जळत असतं की तिला सतत खावं लागतं, आणि काही तास अन्न मिळालं नाही तर ती मरते. संध्याकाळी पिंजरा लावून सकाळी बघायला जायचं म्हणजे तिला मारायलाच पिंजरा लावणं झालं. चिचुंद्र्या असलेल्या जागी रात्रीतून दर दोन तासांनी फेरी मारायला माणूस नसेल तर तिथे पिंजरा लावू नये. उंदरांसाठीसुद्धा पिंजऱ्यात मूठभर कोरडा कापूस किंवा वाळकं गवत, वरून पावसाचं आच्छादन, भरपूर खाणं, आणि सूर्य वर यायच्या आत सगळे पिंजरे बघून दिवसभर बंद, एवढं तरी हवंच. परवानगीच्या अर्जात सुईची जाडी विचारतात. रात्री किती फेऱ्या मारणार, हेही विचारायला हवं.

निशाचर

वटवाघळांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

बेळगाव जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेजवळ तळेवाडीपाशी बारापेडे गुहा आहेत. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जवळजवळ शतकभर जगात फक्त तिथूनच माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. कोलार जिल्ह्यातल्या हनुमनहळ्ळीचं पर्णनासिक वटवाघूळ तर अत्यंत चिंताजनक यादीत आहे, साऱ्या जातीचा संसार एका टेकडीवरच्या गुहेत. अशा ठिकाणी 'फक्त दोन नमुने' मारणंही परवडत नाही.

वटवाघळाच्या पंखाच्या पडद्यातून तीन मिलिमीटरचा गोल तुकडा घेतात. पंख दिव्यासमोर धरला की रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात, त्या टाळून पंच दाबायचा. छिद्र साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या कातडीनं भरून येतं, तिथे काही काळ फिकट ठिपका राहतो. उडण्यात फरक पडत नाही.

पण रानजाई म्हणतात तेच इथे दसपट लागू आहे. धोका पंचात नाही, गुहेत शिरण्यात आहे. पिल्लांच्या दिवसांत माणसं टॉर्च घेऊन आत गेली की माद्या उडतात, आणि बिलगलेली पिल्लं खाली पडून मरतात. ती कुणाच्या आकडेवारीत येत नाहीत. त्या दिवसांत गुहेत पाऊल टाकू नये. तोंडाशी चादर अंथरून ताजी विष्ठा गोळा करावी, नाहीतर हंगाम संपेपर्यंत थांबावं.

संग्रहालयवाला

थोडा विरोध नोंदवतो. मी नमुन्यांच्या संग्रहात काम केलेला माणूस आहे.

कानाच्या तुकड्यातून अक्षरं मिळतात, प्राणी मिळत नाही. कवटीचा आकार, दातांची झीज, पोटातलं अन्न, अंगावरचे आणि आतले परजीवी, यांतलं काहीच तुकड्यात नसतं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हंताविषाणूनं माणसं मरायला लागली तेव्हा हा विषाणू नवा की जुना, हे कळलं ते संग्रहालयात आधीपासून गोठवून ठेवलेल्या उंदरांच्या ऊतींमुळे. तो तिथल्या उंदरांत आधीपासूनच होता. ते उंदीर गोळा करणाऱ्यांना हा प्रश्न पुढे येणार आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. शिवाय तुकड्याची जात ठरवायला आधी खात्रीनं ओळखलेला संदर्भ लागतो, आणि तो संदर्भ संग्रहालयातल्या कवटीवरच टेकलेला असतो. २०१४ मध्ये सायन्स या साप्ताहिकात काही अभ्यासकांनी दुर्मिळ जाती गोळा करण्याविरुद्ध लिहिलं, तेव्हा जगभरच्या शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं होतं. सरसकट बंदी मागू नका एवढंच म्हणणं आहे.

रानजाई

तुमचं बरंचसं मला मान्य आहे. हंताचं उदाहरण तर कुणीही मान्य करावं असंच आहे. सरसकट बंदी मी मागत नाही. अनोळखी डोंगरावर पूर्ण अनोळखी प्राणी मिळाला तर एक संदर्भ नमुना लागतो, हे मला कळतं.

पण 'संदर्भ नमुना' या नावाखाली ज्याचे संदर्भ नमुने आधीच कपाटात आहेत तो प्राणीही पुन्हा पुन्हा मारला जातो. कोंढाण्याचं वर्णन १९७५ सालीच झालंय. कातडी आहेत, कवट्या आहेत. त्या जुन्या कातड्यांच्या पायाच्या गादीतून कणभर तुकडा घेऊन डीएनए वाचता येतो. तो शे-दोनशे अक्षरांच्या छोट्या तुकड्यांत मोडलेला असतो, पण जोडता येतो. म्हणजे संदर्भासाठी कपाट उघडायचं आणि पठारावरच्या जिवंत उंदरांकडून फक्त कानाची कड घ्यायची.

अगदी नव्या जातीसाठीही वाट काढता येते, हे आपल्याच देशात दिसलंय. २००५ मध्ये अरुणाचल माकडाचं वर्णन छायाचित्रांवरून झालं. २००६ मध्ये पुण्यात खगोलशास्त्राचं काम करणाऱ्या रमण अत्रेय यांनी अरुणाचलच्या ईगलनेस्ट अभयारण्यातल्या बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याचं वर्णन केलं. मोजकेच पक्षी दिसले होते, म्हणून जाळ्यात आलेला पक्षी मोजून, छायाचित्रं काढून, गळालेली पिसं ठेवून सोडून दिला. जगानं ती जात मानली. माकड आणि पक्षी दिसायला वेगळे होते म्हणून जमलं, दोन सारख्या दिसणाऱ्या उंदरांत नुसत्या फोटोवर भागणार नाही हे खरं. पण फोटो, मोजमापं, तळपायाचे ठसे आणि सोबत कानाचा तुकडा, एवढं मिळून पुष्कळ होतं.

आणि कवटी हवीच असेल तर घुबडाकडे मागा. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं आणि हाडं-केसांची गोळी ओकून टाकतं. त्या गोळीत कवट्या, जबडे, दात शाबूत मिळतात, ताजी असेल तर डीएनएसुद्धा. पिंजऱ्यात काळजी घेऊनही एखादा प्राणी मेलाच तर तो पूर्ण जपून संग्रहालयात द्यायचा, पुरून टाकायचा नाही. रस्त्यावर चिरडलेला, मांजरानं आणून टाकलेला, तोही.

वकीलकाका

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण हौशी मंडळी वाचत असतील.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणं आणि सापळा लावणं येतं, जखमी करणं आणि शरीराचा कुठलाही भाग घेणंही येतं. म्हणजे संरक्षित प्राण्याच्या कानाचा दोन मिलिमीटरचा तुकडा कायद्याच्या नजरेत शिकारीतच मोडतो. शास्त्रीय संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी मिळते. अभयारण्यात पाऊल टाकायलाच कलम २८ ची परवानगी लागते.

पूर्वी उंदीर आणि फलाहारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत 'उपद्रवी' म्हणून होती, त्यामुळे त्यांच्याबाबत सगळेच सैल असत. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढली, १ एप्रिल २०२३ पासून अंमल सुरू आहे. जुन्या पुस्तकावर विसंबून कुणी काम करू नये. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता वेगळी. आणि टोरांटोकरांसारख्या आपल्या माणसाकडे परदेशी नमुना पाठवायचा म्हटलं तरी जैवविविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. पाकिटात घालून पाठवला, असं चालत नाही.

सुश्रुत_पुणे

माणसांच्या सुरक्षिततेचं राहिलं. उंदराचा कान पंचसाठी बाहेर काढलात की आत नीट बघा. कधीकधी खळग्यात केशरी रंगाचा बारीक दाणेदार पुंजका दिसतो. ती गोचिडांसारख्या पण फार बारीक चिगर माइट्सची पिल्लं. स्क्रब टायफस हा ताप त्यांच्या चाव्यातूनच होतो. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. माकडतापाचा विषाणू जंगलातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत आणि त्यांच्यावरच्या गोचिडांत फिरतो. १९५७ मध्ये शिमोग्याकडे ओळखला गेलेला हा ताप गेल्या दशकात गोवा आणि सिंधुदुर्गात, दोडामार्गपर्यंत पोहोचला आहे. जाड हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि काम झाल्यावर अंगावर गोचीड आहे का ते एकमेकांनी तपासायचं. ताप आला तर डॉक्टरांना 'उंदीर हाताळले होते' हे पहिल्या वाक्यात सांगा. ते न सांगितल्यानं उपचाराचे मोलाचे दिवस जातात.

घाटवाट

आमच्यासारख्यांना परवानगी नाही, शिक्षण नाही. आम्ही फक्त गड चढतो. आमच्यानं काही होण्यासारखं आहे का?

रानजाई

आहे, घाटवाट दादा.

पहिलं, खरकटं गडावर टाकू नका आणि टपरीवाल्यांनाही ते खाली न्यायला सांगा. खरकट्यावर घरउंदीर वाढतात, त्यांच्यामागे मांजरं आणि कुत्री येतात, आणि पठारावरच्या कोंढाण्याला एकदम तिघांशी झगडावं लागतं. गवत पेटवणारे दिसले तर तिथल्या तिथे थांबवा.

दुसरं, मेलेला उंदीर किंवा चिचुंद्री दिसली तर उघड्या हातानं उचलू नका. शेजारी नाणं ठेवून वरून, बाजूनं आणि जमलं तर काडीनं उलटवून तळपायाचा, असे फोटो काढा. जागा आणि तारीख लिहून वनरक्षकाला किंवा या विषयात काम करणाऱ्या संस्थेला कळवा. तळपायावरच्या गाद्यांचा फोटो सर्वांत कामाचा, आणि तोच कुणी काढत नाही.

तिसरं, पडक्या वाड्यात, देवळाच्या माळ्यावर गव्हाणी घुबड बसत असेल तर खाली काळसर, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. घुबडाला उठवायचं नाही. ते बाहेर गेल्यावर, वनखात्याच्या जागेत असेल तर विचारून, हातमोजे घालून गोळ्या उचला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. कागदी पाकिटात घालून सावलीत वाळवा. धुवू नका, फोडू नका. एका जागच्या गोळ्या एका पाकिटात. गड, नेमकी जागा आणि तारीख वर लिहा, आणि मला इथे व्यक्तिगत निरोप करा. त्या कोणाकडे द्यायच्या ते मी कळवेन.